कूलरचा मिस्त्री मे महिन्यात बोलवू नका

होळी झाली की नागपुरात जिन्याखालचे, गच्चीवरचे, मागच्या अंगणात प्लॅस्टिक पांघरून ठेवलेले कूलर बाहेर निघतात. रस्त्याच्या कडेला वाळ्याचे आणि लाकडाच्या बारीक किसाचे ढीग लागतात, ताट्या भरून देणारे बैठक मारतात. इथपर्यंत सगळं वेळेवर होतं. त्यानंतर मात्र बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. कूलरला ताट्या लागतात, पाणी भरलं जातं, पंखा फिरतो आणि तो फिरतोय म्हणून सगळं ठीक आहे असं धरून चाललं जातं. मग नवतप्यात, म्हणजे 25 मेच्या पुढच्या नऊ दिवसांत, रात्री अकराला मोटर जळते आणि मिस्त्रीचा फोन लागत नाही. थंड देशांत घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचं जे स्थान आहे, तेच नागपुरात कूलरचं आहे. 23 मे 2013 रोजी या शहराने 47.9 अंश सेल्सिअस तापमान पाहिलं आहे आणि 44-45 अंश ही तर इथली दरवर्षीची गोष्ट आहे. अशा गावात कूलरची दुरुस्ती हा घरखर्चातला ठरलेला भाग असायला हवा. तो तसा नसतो, अचानक अंगावर येतो. माझं म्हणणं एवढंच आहे की कूलरच्या सुट्या भागांचा खर्च फारसा नसतोच. महाग पडतो तो दुरुस्तीचा चुकलेला महिना आणि दुरुस्तीचा चुकलेला क्रम.

आधी पैशाचं बोलू. साध्या घरगुती कूलरमध्ये बिघडण्यासारख्या वस्तू मोजक्याच आहेत: ताट्या, पाण्याचा पंप, पाणी वाटणारी नळी, पंख्याची मोटर, तिचा कंडेन्सर आणि बुश, खालची टाकी आणि वायर. कंडेन्सर शंभर रुपयांच्या आसपास मिळतो, साधा पंप तीन-चारशेत येतो, मोटरचं वाइंडिंग हजाराच्या आतबाहेर होतं. कूलरचा आकार, तांब्याचा भाव आणि मोहल्ला यांप्रमाणे आकडे खालीवर होतात, पण अंदाज एवढाच. म्हणजे एका हंगामात सगळंच बदलायची वेळ आली तरी तो खर्च नव्या चांगल्या कूलरच्या किमतीपेक्षा बराच कमी राहतो. तरीही मे महिन्यात हजारो घरांत जुना कूलर भंगारात जातो आणि नवा येतो, कारण त्या घडीला मिस्त्री मिळत नाही आणि पोराबाळांना घेऊन एक रात्रही काढणं कठीण असतं. तो पैसा खऱ्या अर्थाने दुरुस्तीचा खर्च नसतो. दोन महिने आधी न केलेल्या कामाचं ते व्याज असतं.

व्याज कसं चढतं हे कळायला कूलर कसा चालतो ते एकदा नीट पाहिलं पाहिजे. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता आत येणाऱ्या हवेतून घेतली जाते. हवा जितकी कोरडी तितकं हे काम जोरात होतं. विदर्भाची उन्हाळी हवा किती कोरडी असते, याची साक्ष जुन्या उद्योगाकडेही आहे. 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झालेल्या जमशेटजी टाटांच्या नागपुरातल्या एम्प्रेस मिलला कोरड्या हवेत सुताचे धागे तुटू नयेत म्हणून हवेत ओलावा राखणारी यंत्रं बसवावी लागली होती. धागा तोडणारी हीच कोरडी हवा कूलरला कामाची ठरते. मे महिन्यातल्या दुपारी बाहेर 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर थर्मामीटरच्या गोळ्याला ओलं फडकं गुंडाळून वारा घातल्यावर पारा 23 अंशांच्या आसपास येऊन थांबतो. कूलर कितीही चांगला असला तरी त्याखाली जाऊ शकत नाही. ही त्याची सीमा. चांगल्या, सगळीकडून सारख्या भिजलेल्या ताट्या या 21 अंशांच्या अंतरापैकी 70 टक्के अंतर कापतात, म्हणजे खोलीत साधारण 29-30 अंशांची हवा येते. त्याच ताट्या दबून खाली सरकल्या, वर रिकामी फट पडली, निम्मी नळी बुजली आणि जेमतेम 40 टक्के अंतर कापलं गेलं, तर तीच हवा 36 अंशांची येते. पंखा तोच, मोटर तीच, विजेचं बिलही तेवढंच, फक्त खोली सहा अंशांनी गरम. घरचे म्हणतात, मोटर कमजोर झाली. मिस्त्री आला आणि त्याला घाई असली तर तोही मोटरच बदलून देतो. दुखणं मात्र ताटीचं असतं.

याच्याही आधीची एक गोष्ट पैशाविना होते. कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी बाहेर जायला वाट पाहिजे. गारवा निसटू नये म्हणून दारं-खिडक्या गच्च लावून घेतल्या की काही वेळातच खोलीतली हवा दमट होते, पाण्याची वाफ होणं मंदावतं आणि अंग चिकचिकतं. कूलरच्या समोरच्या बाजूची एक खिडकी हातभर उघडी ठेवली की हा त्रास संपतो. कूलर थंड करत नाही अशी तक्रार घेऊन मिस्त्रीला बोलावण्याआधी हे करून पाहावं.

आता पाणी. कूलरच्या आयुष्याचा निकाल बहुतेक वेळा पाणीच लावतं, आणि घरात याचाच विचार सगळ्यात कमी होतो. मध्यम आकाराचा कूलर भर दुपारी तासाला दहा-बारा लिटर पाणी उडवतो. दहा तास चालला तर शे-सव्वाशे लिटर. पाणी उडतं, पण त्यातले क्षार उडत नाहीत. पिण्याच्या पाण्यात लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असणं भारतीय मानकाप्रमाणे चांगलं समजलं जातं; बोअरच्या पाण्यात ते याहून पुष्कळ जास्त असू शकतात. चांगल्या पाण्याचाच हिशेब धरा: रोजच्या 120 लिटरमागे 60 ग्रॅम क्षार कूलरमध्ये मागे राहतात, महिन्याला पावणेदोन किलोच्या वर. हा पांढरा थर ताट्यांवर बसतो, वरच्या नळीची भोकं बुजवतो, पंपाच्या जाळीत अडकतो आणि टाकीच्या पत्र्याला खातो. पेंच धरणाचं नळाचं पाणी भरणाऱ्या घरापेक्षा शहराच्या कडेच्या, बोअरवर किंवा टँकरवर चालणाऱ्या वस्त्यांत ताट्या आणि पंप लवकर का जातात, याचं उत्तर यातच आहे. महागड्या हनीकॉम्ब पॅडनाही यातून सूट नाही. गोड्या पाण्यात ते काही हंगाम टिकतात. जड पाण्यात त्यांच्या घरट्यांमध्ये चुना साचतो आणि साध्या लाकडाच्या किसाच्या ताटीपेक्षा त्यांचा तोटा मोठा होतो. उपाय अगदी साधा आहे: उरलेल्या पाण्यातच रोज नवं पाणी ओतत राहू नये. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी, तळाचा गाळ काढावा, नळीची भोकं सुईने मोकळी करावी. अर्ध्या तासाचं काम आहे. पण ताट्या, पंप आणि टाकी या तिन्ही खर्चांवर एकाच वेळी परिणाम करणारी दुसरी कोणतीही दुरुस्ती नाही.

मोटरबद्दल थोडं जवळून सांगायला हवं, कारण फसगत इथे होते. मोटर गुणगुणते पण पातं फिरत नाही, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. अशा वेळी आधी प्लग ओढून काढावा आणि मग पातं हाताने हलवून पाहावं. पातं सहज, सैल फिरत असेल तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. अडखळत, घासत फिरत असेल तर बुश कोरडा पडला आहे किंवा झिजला आहे. जळका वास आला असेल, मोटर काळी पडली असेल, तर वाइंडिंग गेलं. पहिल्या दोन दुरुस्त्या लहान आहेत, तिसरी मोठी. आणि पहिल्या दोन वेळेवर न केल्या तर त्यांतूनच तिसरी उद्भवते: अडकलेली मोटर वीज खेचत राहते, तापते आणि जळते. वाइंडिंग करायचंच असेल तर दोन प्रश्न आधी विचारावेत. तार तांब्याची की अ‍ॅल्युमिनियमची? अ‍ॅल्युमिनियमचा विजेला होणारा विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. तीच जाडी, तेवढीच जागा असेल तर मोटर अधिक तापते आणि बाहेरचं तापमान 45 असताना तिला थंड व्हायला वाव नसतो. दुसरा प्रश्न जुन्या तांब्याचा. जळालेल्या मोटरमधून निघणाऱ्या तांब्याला भंगारात भाव आहे. तो बिलातून वजा होणार की मिस्त्री ठेवून घेणार, हे आधी बोलून घेतलं तर दोन्ही बाजूंना बरं असतं.

मिस्त्री लुटतात, असं दर उन्हाळ्यात ऐकू येतं. या तक्रारीत तथ्य नाही असं नाही, पण तिची दुसरी बाजूही नीट पाहिली पाहिजे. कूलरचं काम करणाऱ्या माणसाची कमाई मार्च ते जूनच्या सुरुवातीपर्यंतची. मृग लागला की त्याचा फोन वाजायचा बंद होतो. वर्षाचा संसार त्याला या शंभर दिवसांत उभा करायचा असतो, आणि मेच्या दुपारी तो ज्या तापलेल्या सज्ज्यावर उभा राहून पान्हा फिरवतो तिथे घरमालक दोन मिनिटं उभा राहू शकत नाही. त्याचा मेमधला दर जास्त असणं समजण्यासारखं आहे. पण मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात त्याच माणसाकडे वेळ असतो. तो पंप उघडून बघतो, बुशला तेल देतो, वायर तपासतो, आणि भाव करायला आपल्यालाही उसंत असते. ही वेळ आपण दवडतो आणि दोष त्याच्या माथी मारतो.

आतापर्यंत महिन्याबद्दल बोललो. क्रमाबद्दल बोलताना मात्र सूर बदलावा लागतो, कारण इथे हिशेब रुपयांत राहत नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरताना, फरशी पुसताना, खेळता खेळता कूलरच्या जाळीला हात लागून. त्यांत लहान मुलं असतात. बातमी चार ओळींची येते. महावितरण दर उन्हाळ्यात सूचना काढते: तीन पिनांचा प्लग वापरा, अर्थिंग तपासा, पाणी भरण्याआधी प्लग काढा, ईएलसीबी बसवा. या सूचना वाचून सोडून दिल्या जातात, कारण त्यांमागचं कारण कुणी समजावून सांगत नाही. पत्र्याचा कूलर म्हणजे पाण्याने भरलेलं धातूचं भांडं, आणि त्यात बुडालेला विजेचा पंप. पंपाच्या वायरचं आवरण क्षाराने, उन्हाने तडकलं, किंवा टाकीतच टेप गुंडाळून जोड दिलेला असला, की पाण्यात आणि पत्र्यात वीज उतरते. ती दिसत नाही, आवाज करत नाही, पंखाही फिरतच असतो. ओल्या हाताने, अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या माणसाच्या शरीराचा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. 230 व्होल्टला भागिले हजार, म्हणजे 0.23 अँपिअर. जीव जायला 0.03 अँपिअरच्या वरचा प्रवाह पुरेसा ठरू शकतो. घरातला एमसीबी 6 किंवा 10 अँपिअरचा असतो. त्याच्या दृष्टीने 0.23 म्हणजे एखाद-दुसरा दिवा लागला. तो पडत नाही. आमच्याकडे एमसीबी आहे, या विश्वासावर किती घरं निर्धास्त आहेत!

अर्थिंग चांगलं असेल तर पत्र्यात उतरलेली वीज सरळ जमिनीत जाते, एकदम मोठा प्रवाह वाहतो आणि एमसीबी पडतो. पण महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांपासून नव्या लेआउटमधल्या घाईने बांधलेल्या घरांपर्यंत अनेक ठिकाणी सॉकेटचं वरचं तिसरं, मोठं भोक नुसतंच भोक असतं. त्यामागे तार नसते, किंवा असलेली तार कुठेतरी सुटलेली असते. वायरमन टेस्ट लॅम्प लावून हे काही मिनिटांत सांगू शकतो. ईएलसीबी, म्हणजे आजच्या भाषेत आरसीसीबी, याहून वेगळ्या तऱ्हेने काम करतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परत येतो की नाही, हे तो सतत मोजत असतो. 30 मिलीअँपिअर कुठे तिसरीकडे गळाले की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वीज तोडतो. त्याची किंमत दीड-दोन हजारांच्या घरात आहे. म्हणून माझ्या मते कूलरच्या खर्चात पहिला पैसा अर्थिंग आणि आरसीसीबीवर जावा, दुसरा पंपाच्या वायरवर, मग ताट्या आणि पंपावर, आणि सगळ्यांत शेवटी मोटर, रंग, चाकाचा स्टँड यांवर. घरोघरी हा क्रम नेमका उलटा असतो. आणि बटण बंद केलं म्हणजे वीज गेली असंही समजू नये. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर बसवलेलं असतं; ते बंद केलं तरी फेज कूलरपर्यंत पोचलेलीच असते. प्लग हाताने ओढून काढणं हाच खात्रीचा मार्ग आहे.

यावर काही आक्षेप येतात आणि ते वाजवी आहेत. पहिला असा की प्लॅस्टिकचा कूलर घेतला की शॉकचा प्रश्न मिटला. अंग प्लॅस्टिकचं असल्याने धोका कमी होतो हे खरं, पण पंप पाण्यातच असतो, पाण्यात बुडवलेला हात तसाच पाण्यात असतो आणि मोटरचा सांगाडा धातूचाच असतो. प्लॅस्टिकच्या कूलरला अर्थिंगची गरज नाही असं समजणं ही नवी चूक होईल. शिवाय पत्र्याच्या कूलरचा एक गुण प्लॅस्टिकमध्ये नाही: त्याचा गंजलेला तळ कापून नवा पत्रा बसवता येतो, मोटर कोणतीही बसते, पातं कुठेही मिळतं. सांगाडा शाबूत असेल तर पत्र्याचा कूलर टाकून देण्याचं कारण सहसा नसतं. चारही पाय आणि उभे कोपरेच गंजले असतील, तरच नव्याचा विचार करावा.

दुसरा आक्षेप: एवढा खटाटोप करण्यापेक्षा एसीच घ्यावा. ज्यांना परवडतो त्यांनी जरूर घ्यावा, आजारी आणि वृद्ध माणसं असलेल्या घरात तर त्याची गरजही असू शकते. पण आकडे समोर ठेवून घ्यावा. 200 वॉटचा कूलर दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला 72 युनिट होतात. दीड टनाचा एसी रोज आठ तास चालला तर नागपूरच्या मेमध्ये अडीचशे ते तीनशे युनिटांची भर पडते. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटांच्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर दर चढतो, त्यामुळे एसीचे युनिट वरच्या, महागड्या पायरीत मोजले जातात. एसीची दुरुस्ती लहान नसते. गॅस भरण्याच्या एका खेपेत कूलरची दोन-तीन वर्षांची निगा होते. जुलैत मात्र कूलर हरतो, हे मान्य केलं पाहिजे. 31 अंश आणि 80 टक्के आर्द्रता असताना तो हवा जेमतेम दोन अंशांनी उतरवतो. त्या दिवसांत पंप बंद करून नुसता पंखा चालवणं हेच शहाणपणाचं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खरा आहे: भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने अर्थिंगवर पैसे का घालावेत, आणि रोजमजुरीवर जगणाऱ्याने कुठून घालावेत? पहिल्याचं उत्तर घरमालकाने द्यायचं आहे. वायरिंग आणि अर्थिंग ही इमारतीची अंगं आहेत, जशी गच्ची आणि जिना. भाडेकरू खोली घेताना पाण्याचा नळ तपासतो, तसं त्याने सॉकेटचं अर्थिंगही तपासून मागावं. दुसऱ्याचं उत्तर शासनाने द्यायचं आहे. अहमदाबादने 2013 मध्ये उष्मा कृती आराखडा केला, नागपूरनेही 2016 मध्ये आपला केला. सावली, पाणी, इशारे, दवाखान्यांची तयारी हे त्यात येतं आणि आलंच पाहिजे. पण माणूस उन्हाळ्यातला मोठा वेळ जिथे काढतो त्या घरातल्या एका सुरक्षित प्लगचाही विचार त्यात व्हायला हवा. घरकुल योजनेतल्या प्रत्येक घराला खरं अर्थिंग आणि एक आरसीसीबी मिळावा, ही मागणी अवाजवी नाही.

राहिला शेवटचा महिना, जून. तो सगळ्यांत दुर्लक्षित आहे. पहिला पाऊस झाला की कूलर जसा आहे तसा बंद होतो, तळात दोन बोटं पाणी राहतं, ओल्या ताट्या अंगावर तशाच. पत्रा गंजतो तो उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत कमी आणि या नऊ महिन्यांत जास्त. शिवाय डेंग्यूचा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी टाकीच्या आतल्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जिवंत राहतात, त्यामुळे पाणी नुसतं ओतून दिल्याने काम होत नाही. महापालिकेचे कर्मचारी पावसाळ्यात घरोघरी फिरताना आधी कूलरच्या टाकीत डोकावतात ते याचसाठी. मृग लागताच ताट्या काढून टाकाव्यात, टाकी ब्रशने घासून दोन दिवस उन्हात वाळवावी, गंजलेल्या जागी रंगाचा हात द्यावा, बुशला तेलाचे दोन थेंब सोडावेत आणि पंप कोरड्या जागी वेगळा ठेवावा. आणि पुढच्या होळीला कूलर बाहेर काढाल तेव्हा पहिली बादली ओतण्याआधी वायरमनला बोलावून तो ज्या सॉकेटवर चालणार आहे, त्याच्या वरच्या मोठ्या भोकामागे तार आहे की नाही, एवढं नक्की बघून घ्या.